कम्प्युटर पाहायला आलेले पाहुणे

सूड घेण्यासाठी मी पन्नास वर्षं दबा धरून बसले होते असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. मी त्या माणसाला साफ विसरले होते. मधल्या काळात लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, वणीला कोळशाच्या धुळीत संसार झाला, यजमान गेले, गुडघे गेले. एवढ्या गडबडीत राग कोण सांभाळून ठेवतो. पण मागच्या वर्षी तो माणूस आमच्याच घरी आला, खुर्चीत बसला, आणि टेबलावरची वायर चिमटीत धरून त्यानं अशी काही ओढून पाहिली, की माझ्या हातातला चहाचा ट्रे तिथंच थांबला. त्यानंतर मात्र मी वेळ वाया घालवला नाही.

तो आला होता माझ्या नातीचा कम्प्युटर पाहायला.

नात म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी. पुण्यात इंजिनिअर झाली, तिथंच नोकरीला लागली, आणि एक दिवस लांबलचक रजा टाकून परत आली ती डोक्यात एक खूळ घेऊन. झरी जामणीकडच्या एका गावात ती मैत्रिणीबरोबर गेली होती. तिथल्या शाळेत कोणीतरी दान दिलेले कम्प्युटर फुलाफुलांच्या चादरीखाली झाकून ठेवलेले. लाइन जायची ती दुपार दुपार यायची नाही, मग ते उघडायचे कधी. हिनं ठरवलं, लाइन गेली तरी चालणारा, मराठी अक्षरांचा, घरोघरी घेता येईल असा कम्प्युटर आपण बनवायचा. आमच्या घराच्या वरच्या खोलीत गल्लीतल्या तीन पोरींना हाताशी धरून तिनं थोडे नमुने जुळवलेसुद्धा. जाडजूड वहीसारखा काळा डबा. झाकण उघडलं की पडदा, खाली बटणं, आणि पोटात चांगली मोठी बॅटरी. भाव तिनं ठरवला बारा हजार. कोणी विचारलं की ती एका दमात म्हणायची, "बारा हजार, बॅटरीसकट."

पण चार नमुने बनवणं वेगळं आणि शेकड्यानं माल काढणं वेगळं. त्याला पैसा लावणारे भागीदार हवे होते. पुण्याच्या कंपनीनं तिची जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती. तोवर पैसा उभा राहिला नाही तर वरच्या खोलीला कुलूप, गल्लीतल्या पोरी आपापल्या घरी आणि नात परत पुण्याला. हे तिनं जेवताना सांगितलं, तेव्हा माझ्या मुलानं ताटातून मान वर केली नाही. वरून दिवसभर पोरींचं हसू खाली यायचं, भांडणं यायची, तळणाच्या वासासारखा तो तार वितळवायचा वास यायचा. ते सगळं बंद होणार हे मला मान्य नव्हतं. यात नातीच्या भल्यापेक्षा माझा स्वार्थ जास्त होता, आणि त्याची मला लाज नाही.

पाहायला तिघं आले. एक आमचे वणीचेच ट्रकवाले, कोळशाच्या वाहतुकीत पैसा केलेले, मनानं मोकळे आणि आवाजानं त्याहून मोकळे. दुसऱ्या यवतमाळच्या डॉक्टरीणबाई, नातीच्या मैत्रिणीच्या आत्या. आणि तिसरे दारव्ह्याचे जिनिंगवाले शेठ, कापसातली सरकी काढायचा कारखाना असलेले. खरा पैसा शेठकडे होता. बाकी दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहून आपली पिशवी सोडणार, हे ते ज्या क्रमानं खुर्च्यांवर बसले त्यावरूनच कळत होतं. शेठचं नाव मी आधी ऐकलं होतं, पण त्या नावाची माणसं आमच्या भागात घरटी एक. ओळखलं ते चिमटीवरून.

बोरी अरब माझं माहेर. त्या वेळी मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि अक्कल म्हणाल तर मोहरीएवढी. दारव्ह्याच्या जिनिंगवाल्याचा बी.कॉम. झालेला मुलगा पाहायला येणार म्हणून मी रोज दुधावरची साय चोरून तोंडाला फासत होते. आई ओरडायची, "अवं, थे साय तुपाले लागते, तुह्या थोबाडाले नाई." चालून दाखवायला सांगतील म्हणून परसात गोवऱ्यांच्या दोन रांगा मांडून मधून चालायची तालीम चालली होती. मान किती खाली घालायची याचीसुद्धा. ती पोरगी आज मला कुठं भेटली तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि म्हणीन, सरळ चाल, गाढवे.

पाहुणे जीपमधून आले. ओसरीत वेचून आणलेला कापूस रचलेला होता. मुलगा माझ्याकडे न पाहता आधी तिकडे गेला, बोंडभर कापूस घेऊन चिमटीत ओढून त्याचा धागा केवढा आहे ते पाहिलं, मग येऊन बसला. त्याच्या मामानं मला चालवलं, पाणी आणवलं, सुईत दोरा ओवायला लावला, वर्तमानपत्र वाचायला लावलं. आईनं माझ्या हातचा स्वेटर मुद्दाम समोर ठेवला होता. मुलानं तो उचलला आणि बाहीचं टोक त्याच चिमटीत धरून ओढलं. एक टाका सुटला, मग ओळ सुटली. बाही मनगटापासून उसवत गेली आणि तो पाहत राहिला, जणू ते त्यानं केलंच नव्हतं.

उठताना मामानं माझ्या हातावर एक नोट आणि ब्लाउजचा खण ठेवला. आता, पाहायला आलेला माणूस मुलीच्या हातावर काही ठेवल्याशिवाय उठत नाही. पसंती असो, नसो, ती रीत असते. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. मलाही होतं. पण नोट जरा मोठी होती, खण मोतिया रंगाचा होता, आणि मी मूर्ख होते. मी धरून चालले की आपण पसंत पडलो. विहिरीवर सांगितलं, बांगड्या भरणाऱ्या बाईला सांगितलं, शिंप्याला तर खण शिवायला देतानाच सांगितलं की लग्नाचा आहे, नीट शीव. आठवड्यानं मध्यस्थ आला, दारातच टेकला, पान जमवत मोठ्यानं म्हणाला, "पोरगी बरी हाय पाटील. पन रंगात अन् भावात बसत नाई." शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं. पुढच्या महिन्यात आणखी दोन ठिकाणचे लोक येणार होते, तेही आले नाहीत. खण तोवर शिवून आला होता. आई म्हणाली, कापड वाया कायले घालवाचं. दोन वर्षं मी तो मोतिया ब्लाउज अंगावर घालून विहिरीवर गेले.

तर तीच चिमटी आता माझ्या नातीच्या वायरीवर होती.

शेठनी वायर सोडली आणि डबा उचलून हातावर तोलला. "हलका आहे," ते म्हणाले.

"हलकाच केला, काका. पोट्ट्यांले उचलता आला पाह्यजे," नात म्हणाली.

"हलक्या मालाला भाव येत नाही, बेटा."

"वजनावर भाव आमच्या कोयशाले लागते, शेठजी," ट्रकवाले म्हणाले. "मले एवढं सांग बाई, खड्ड्यात टिकन का हा?"

"तुमच्याच ट्रकमध्ये सीटमागं ठेवून चंद्रपूरले नेऊन आणला. काही नाई झालं."

"मंग तं हा आमच्या ड्रायव्हरपेक्षा मजबूत हाय."

डॉक्टरीणबाईंनी पडद्याचा उजेड, डोळ्यांना त्रास, मुलींना कोण शिकवणार, असं सगळं नीट विचारलं आणि मग भाव विचारला. नातीनं सांगितला. बाई म्हणाल्या, "इतका कमी? लोकांना शंका येईल, काहीतरी खोट आहे म्हणून." ट्रकवाल्यांना बारा हजारही जास्त वाटले. दोघंही मग शेठकडे पाहायला लागले.

"बॅटरी काढ," शेठ म्हणाले. "अठरा हजार लाव. बॅटरी ज्याला पाहिजे त्यानं वेगळी घ्यावी."

"मंग लाइन गेल्यावर तो काय करीन?"

"लाइन गेली की येईल बॅटरी घ्यायला. गरज लागली की माणूस पैसे काढतो. हा धंदा आहे, शाळा नाही." मग त्यांनी झाकण मिटलं आणि त्यावरून बोट फिरवलं. "आणि रंग. हा काळा कोण घेणार? जरा उजळ कर."

मी ट्रे टेबलावर ठेवला. जोरात ठेवला असावा, कारण सगळ्यांनी वर पाहिलं. शेठनीही पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी एक कप उचलला आणि म्हणाले, "साखर कमी ना, माय?" ओळखलं नाही.

शेठ गेल्यावर ट्रकवाल्यांनी जिन्यातच सांगून टाकलं, "शेठ म्हनतीन तसं करू बाई." डॉक्टरीणबाईंनी गाडीत बसता बसता तेच जरा शुद्ध भाषेत सांगितलं. मी वर गेले तर नात स्क्रू खोलत बसलेली.

"काय करून राह्यली व?"

"बॅटरीबिना कसा लागते ते पाहून राह्यली. त्याच्याशिवाय पैसा उभा नाई होत, आजी. एक वर्ष असा विकतो, मंग बॅटरी टाकू परत."

"अन् त्या शायेतल्या पोट्ट्यायनं वर्षभर चादर पांघरून बसाचं?"

ती स्क्रू एका वाटीत टाकत राहिली. मी म्हटलं, "पाहुन्यानं पोरगी पाह्यली. आता पोरीकडच्यायनं घर पाहाचं बाकी हाय. आपन दारव्ह्याले जाऊ."

हीसुद्धा आमच्याकडची रीत. मुलगी द्यायची तर मुलीकडचे लोक जाऊन मुलाचं घर पाहून येतात. गोठा पाहतात, कोठी पाहतात, पाणी कुठून येतं ते विचारतात, आणि काही न बोलता सासूचा स्वभाव पाहतात. नात हसली. म्हणाली, पुण्यातही पैसा घेण्याआधी पैसेवाल्याची चौकशी करतात, पण त्याला आजी लागत नाही. मी तिला बोरी अरबचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला घरी ठेवलं असतं. एवढंच म्हटलं, "तो बॅटरी काढलेला डबाही सोबत घे."

शेठचं ऑफिस जिनिंगच्या आवारात. गार हवेचं मशीन, काचेचं टेबल, भिंतीवर तीन पिढ्यांचे हार घातलेले फोटो, त्यात तो मामाही. आम्हाला सोफ्यावर बसवलं, सूनबाईंनी चिवडा आणि लाडू आणले आणि जायचं सोडून दाराशी उभ्या राहिल्या. मुनीमही हातातलं काम सोडून पाहत होते. मी डोक्यावरून पदर घेतला आणि सुरू केलं.

"शेठजी, जरा उठता का?"

"कशाला?"

"आमच्याकडं पैसा घ्याच्या आंधी मानूस पाह्यतेत. जरा चालून दाखवा. त्या दारापावतर अन् वापस."

ते हसले. म्हाताऱ्या बाईची थट्टा समजून उठले आणि गेले. परत येताना त्यांचा उजवा पाय जरा ओढत होता. मी विचारलं, "गुडघा दुखते?"

"थोडा."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"लपवून नाई ठेवाचं. नंतर निघालं का वाईट वाटते." सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. "बसा. लिहिता येते नं? या कम्प्युटरवर तुमचं नाव लिहून दाखवा. पूर्न लिहा, वडलांचं, पेढीचं, गावाचं."

त्यांच्यासमोर बॅटरी काढलेला डबा होता, वायर भिंतीत खोचलेली. शेठ एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते. कपाळावर घाम, ओठ मिटलेले, मुनीम श्वास रोखून. पेढीच्या नावापर्यंत पोचले तशी मी सूनबाईंकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या बटणाकडे मान केली. शहाणी बाई होती. खट. पडदा काळा, नाव गेलं.

"कोणी बंद केलं?"

"लाइन गेली, शेठजी. तुमच्याकडं जात नसंन. आमच्याकडं जाते. आता आली पाहा. लिहा पुन्हा."

त्यांनी पुन्हा लिहिलं. सूनबाईंनी या वेळी माझ्या खुणेची वाटसुद्धा पाहिली नाही. त्या घरात हिशेब चुकते करायचे असणारी मी एकटी नव्हते. तिसऱ्यांदा मी बॅटरीचा डबा पुढं केला, आणि बटण बंद झालं तरी त्यावरचं नाव जागच्या जागी राहिलं. मुनीम खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. नात मला कोपरानं ढोसत होती, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

शेठ रुमालानं मान पुसत म्हणाले, "समजलं, माय. पण धंदा म्हणजे धंदा. बॅटरी वेगळीच, आणि अठराच." म्हणजे एवढं करूनही ते तसूभर हलले नव्हते. मला तेच हवं होतं असं नाही, पण त्यामुळे पुढचं करायला हात मोकळा झाला.

मी पिशवीतून नारळ, दुपट्टा आणि टोपी काढली. त्यांच्या गळ्यात दुपट्टा घातला, टोपी घातली, हातावर नारळ आणि वर एक नोट ठेवली. जरा मोठी नोट.

"हे कशाला?"

"रीत हाय."

त्यांनी नोटेकडे पाहिलं, टोपी नीट केली, आणि चेहरा फुलून आला. "म्हणजे ठरलं म्हणायचं."

"आमी निरोप धाडतो," मी म्हटलं आणि उठले.

बाहेर येताच नात म्हणाली, "आजी, तू त्यायले काय समजू देलं?"

"मी रीत केली. समजनाऱ्यानं काय समजाव थे त्याचं तो पाहीन."

दुसऱ्याच दिवशी शेठ कापसाच्या बाजारात कम्प्युटरवाले झाले. ट्रकवाल्यांचा फोन आला, मोबाइल कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू येत होता. शेठ प्रत्येकाला धरून सांगत होते की माल आपण ताब्यात घेतला. हलका किती, पोरगंही उचलेल. काळा कसा, मळ दिसत नाही. आणि लाइन गेली तरी चालतो, मी स्वतः लिहून पाहिलं. म्हणे खोक्यांवर पेढीचं नाव छापायलाही टाकलं होतं. आमच्या वरच्या खोलीत ज्या ज्या गोष्टीला नाक मुरडलं, तीच आता ते गुण म्हणून विकत होते.

आणि मग पैसा धावत आला. ट्रकवाले, डॉक्टरीणबाई, बियाण्याच्या दुकानाचे दोघं भाऊ, एक पेट्रोल पंपवाले. त्यातल्या तिघांनी तर डबा डोळ्यानंही पाहिला नव्हता. पैसा लावणारी माणसं माल पारखून घेतात, असं मला जन्मभर वाटत होतं. तसं काही नसतं. ती शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. एका चांगल्या घरानं मुलगी पसंत केली की तिला आणखी चार स्थळं येतात, एकानं नाकारली की येणारीही परत फिरतात. मुलगी तीच असते. हे मला एकोणिसाव्या वर्षी समजायला हवं होतं, पण तेव्हा मी साय फासत होते.

नात दुपारपर्यंत नाचत होती. मग थांबली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "शेठनं बॅटरीले हो म्हटलं?"

"नाई."

"आपन शेठले हो म्हटलं?"

"नाई."

"मंग हे सगये कोनाच्या भरवशावर पैसा देऊन राह्यले, आजी?"

मी म्हटलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ती लाल झाली. तिनं फोन घेतला आणि एकेकाला स्वतः सांगितलं की शेठ आमच्यात नाहीत, बॅटरी राहणार, भाव बारा हजारच राहणार, ज्याला मागं फिरायचं त्यानं आत्ताच फिरावं. मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात तिला लाखोली वाहिली. एवढा जुळवून आणलेला डाव पोरगी आपल्या हातानं उसवत होती. बियाण्याचे भाऊ लगेच गेले, पेट्रोल पंपवाले संध्याकाळी गेले. डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "माझ्या हॉस्पिटलातल्या नर्सच्या मुलींना आधी द्या, मग मी आहे." ट्रकवाले म्हणाले, "मी बायकोले सांगून बसलो. आता मागं फिरलो तं घरात चहा भेटनार नाई."

दोघांचा मिळून हवा होता त्याच्या निम्मा पैसा झाला. नातीनं निम्माच माल काढायचं ठरवलं आणि नोकरी नको म्हणून पुण्याला कळवून टाकलं. दिवाळीची वाट पाहिली नाही.

शेठना निरोप धाडायचं काम माझ्याकडे आलं. तिनं सांगितलं होतं की नीट शब्दांत सांग, धन्यवाद म्हण. मी ट्रकवाल्यांना बोलावलं, कारण त्या आवाजाला तोड नव्हती, आणि त्यांना बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला धाडलं. कापसाच्या गाड्या लागलेल्या, व्यापारी उभे, शेठ मध्ये. ट्रकवाल्यांनी लांबूनच सांगितलं, "कम्प्युटरवाल्यायचा निरोप हाय शेठजी. मानूस बरा हाय, पन भावात बसत नाई."

शब्द माझे होते, धन्यवाद मी गाळले. शेठचं तोंड कसं झालं ते मी ट्रकवाल्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. ते कंटाळून म्हणाले, "काकू, आता फोटो काढून आनतो."

माल निघाला. पहिली खेप झरी जामणीला आणि यवतमाळला गेली आणि लगेच दुसरीची मागणी आली. तशात एक दिवस शेठ आले. बोलावल्याशिवाय. वर येऊन बसले, पाणी प्याले, आणि नातीला विचारलं, "माझं काय चुकलं?"

"बॅटरी काढा म्हटलं, काका."

"विचारायचं तर होतं पुन्हा. ठेवली असती." मग माझ्याकडे वळले. "माय, तुम्ही मला चालवलं, लिहवलं. मी हसण्यावारी नेलं. पण भर बाजारात..."

मग मी सांगितलं. बोरी अरब, ओसरीतला कापूस, मामा, स्वेटर, बाही, खण, मध्यस्थ. सगळं. नात हातातलं काम थांबवून ऐकत होती. मला वाटलं होतं आता हा दचकेल, खाली पाहील, निदान खोकेल. ते कपाळाला हात लावून खरंच आठवत होते.

"त्या वर्षी आम्ही वीसेक पोरी पाहिल्या असतील," ते शेवटी म्हणाले. "बोरी अरबलाही गेलो असू. स्वेटर नाही आठवत, माय." आणि अगदी मनापासून विचारलं, "मग चांगल्या घरी पडल्या ना?"

ट्रे खाली होता हे त्यांचं नशीब. एवढा मोठा सूड घेतला, आणि ज्याच्यावर घेतला त्याला कशाचा ते माहीतच नाही. एकोणीस वर्षांची ती मूर्ख पोरगी अजून आत कुठंतरी बसलेली आहे आणि अजूनही तिला वाटतं की तिला पाहायला आलेल्यानं तिला खरंच पाहिलं होतं.

नात उठली आणि खुर्ची ओढून शेठसमोर बसली. आवाज अगदी गोड.

"काका, पैसा लावाचा अजून?"

"लावीन की."

"बॅटरी राहीन. भाव बाराच राहीन. रंग काळाच. अन् आमचे भाग आता महाग झाले. ट्रकवाल्या काकायनं ज्या भावात घेतले त्याच्या दीडपट."

"दीडपट?"

"तुमीच म्हटलं होतं, गरज लागली का मानूस पैसे काढते."

बाजारात शेठनी खोकी छापल्याचं सांगितलं होतं, आणि बाजार रोज विचारत होता. "मग निर्णयात माझा हात किती?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यात लहान भागीदार तुमी. दर महिन्याले बैठक असते. ऐकाले या."

ते हो म्हणाले. ते खाली जाऊन गाडीत बसताच मी नातीवर तुटून पडले. काहून घेतला त्याले, हाकलून का नाई देला. ती वायरींची गुंडाळी करत म्हणाली, "पुढच्या खेपेले पैसा पाह्यजे होता. अन् हाकलला असता तं तो तुले पुन्हा विसरला असता. आता दर महिन्याले येऊन बसन."

ही पोरगी माझी आहे याबद्दल त्या दिवसापासून मला शंका उरलेली नाही.

आता दर महिन्याला वर बैठक भरते. शेठची खुर्ची दाराजवळ. गल्लीतल्या तीन पोरी कुठं काय बिघडलं, किती परत आले, कोणत्या गावात कोणतं बटण आधी झिजतं ते सांगतात आणि शेठ ऐकतात. "माझ्या मते" एवढं त्यांनी म्हटलं की ट्रकवाले आपलं मत सांगायला लागतात, आणि त्यांच्या मतावर कोणाचं मत चढत नाही. मागल्या महिन्यात शेठनी विचारलं, बैठक खालच्या खोलीत घेता येईल का, गुडघा फार त्रास देतो. नातीनं माझ्याकडे पाहिलं. खालची खोली दुपारभर मोकळीच असते. मी म्हटलं, "तिथं मी झोपते."

दुपारी मी झोपत नाही. टीव्ही लावून बसते. बैठकीच्या दिवशी ते चढायला लागले की त्यांचा पाय पायरीवर ओढल्याचा आवाज येतो, आणि मधल्या वळणावर ते दम घ्यायला थांबतात, तेव्हा मी टीव्हीचा आवाज बारीक करते.